छातीतली गिरणी

रिठद, ता. रिसोड
१२ मे २०२४

चि. पौर्णिमा हिस,
सप्रेम जयभीम.

परवा तुझा फोन आला. संघपालने तो माझ्या कानाला लावून दिला आणि मी नेहमीसारखं "हो, बरं, ठीक" म्हणून परत केला. तू काय बोललीस ते तुलाच ठाऊक. तू आणलेलं कानाचं यंत्र शिट्ट्या मारतं, म्हणून ते कपाटात आपल्या डबीत आराम करतं आहे. तेव्हा बापाशी बोलायचं तर पत्र लिही. नाहीतरी फोनवर आपल्या घरचे सगळे हो म्हणतात आणि काम कोणाचंच होत नाही.

आता बातमी. आपल्या मैत्रीची गिरणी बंद झाली.

तू नागपूरला असतेस, तुला अर्धवट कळतं, म्हणून पहिल्यापासून सांगतो. तुझ्या भावाची, संघपालची ही लेक तान्ही होती तेव्हापासून माझ्या बाजेवर निजते. मी तिच्या छातीवर हात ठेवून झोपतो. मला ऐकू येत नाही, पण हाताला लागायचं. आत बारीक घरघर, एकसारखी. आपल्या घराला लागून मदनसिंगची पिठाची गिरणी आहे. तिच्या भिंतीला हात लावला की दळण चालू आहे की लाईट गेली हे मला कळतं. तशीच ही. तुझ्या मायचा हात तिथे ठेवून दाखवला तर ती म्हणाली, "पोट्टीच्या छातीत गिरनी हाय वं बाई." तेव्हापासून तोच शब्द घरात.

मग अकोल्याला इको झाला. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं भोक आहे, वजन भरलं की ऑपरेशन करू, असं डॉक्टर म्हणाले. तीन वर्षांची झाली तरी वजन काही भरेना. दर थोड्या दिवसांनी छाती उडायला लागायची. तुम्ही त्याला निमोनिया म्हणता, तुझी माय डबा म्हणते. तिने पोटावर बिब्ब्याचे चटके द्यायचा घाट घातला होता, तो मी मोडून काढला. पण प्रत्येक वेळी वाशीमच्या दवाखान्यातल्या बाकावर आम्ही हजर.

गेला हिवाळा मात्र पोरीला एकदाही डबा झाला नाही. गालावर मांस आलं. दूध पिताना कपाळाला घाम यायचा, तोही गेला. तुझ्या मायला त्या घामाचं भारी कौतुक होतं. "दूधयी घाम गाळून पेते, कष्टाळू निघीन," असं ती तुझ्या वहिनीच्या, सपनाच्या माहेरच्यांना ऐकवायची. आणि आता हात ठेवला तर आत सगळं शांत. सर्दीसाठी वाशीमला नेली होती, तिथल्या डॉक्टरांनी नळी लावून सपनाला सांगितलं की आता आवाज नाही. शेजारच्या तांड्यावरच्या उदयसिंगच्या नातवाचं, बबलूचं भोकही असंच आपोआप बुजलं होतं.

तर बुद्धपौर्णिमेला घरी परित्राणपाठ आणि खीरदान ठेवलं आहे. तू ये. फार वर्षांनी या घरात कोणी हसून राह्यलं आहे.

तुझा
बाबा

०

नागपूर
१८ मे २०२४

ती. बाबा,
जयभीम.

पत्र मिळालं. वाचून आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

खीर करा, सगळ्या गावाला वाटा. बुद्धपौर्णिमा आहे, तेवढं कारण पुरे आहे. पण गिरणी बंद झाली म्हणून वाटू नका. मैत्रीला आधी इथे आणा. मी दिवसभर हेच काम करते, अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या हृदयांचे इको काढते. तिचा मीच काढीन, मोठे डॉक्टर शेजारी असतील. भोक बुजलं असेल तर त्याच दिवशी परत जा, मी स्वतः गाडीत बसवून देईन.

संघपालला फोन केला होता. तो म्हणाला, "बाबाले विचारतो." म्हणजे विचारणार नाही.

मला सुट्टी मिळत नाही. खोलीत आम्ही दोघीच आणि एक जण बाळंतपणाला गेली आहे. घरी येऊन आडवं पडलं तरी डोळ्यांपुढे तो करडा पडदा हलत राहतो. तुम्हाला कंटाळा आणणारं लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

एवढं कळवा: पळून आल्यावर तिचे ओठ कसे दिसतात? नखं कशी दिसतात? बाकीच्या पोरांबरोबर ती पळते का? नीट बघून लिहा.

तुमची
पौर्णिमा

०

रिठद
२७ मे २०२४

चि. पौर्णिमा,
जयभीम.

तू आली नाहीस. खीर सरली, भांडी घासून झाली, भंतेजी पुढच्या गावी गेले. तुझी माय दारात खुर्ची टाकून बसली होती, दुपारच्या गाडीपर्यंत.

इको, इको. अगं, मी पण माणूस आहे. पोरीला घेऊन मी जितकं दवाखान्यात बसलो तितकं शाळेतही बसलो नसेन. तिथे नाव पुकारतात आणि मला ऐकू येत नाही. मी बाईच्या ओठांकडे बघत बसतो. मैत्री म्हटल्यासारखं वाटलं की उठतो, तर ते भलतंच काही असतं आणि लोक हसतात. सपना पाणी आणायला गेली की माझा जीव टांगणीला. आजाराने माणूस जितका थकत नाही तितका त्या बाकाने थकतो. आता कुठे ते सुटलं, तर तू म्हणतेस पुन्हा चला.

अकोल्याचे डॉक्टर काय म्हणाले होते? वजन भरलं की या. वजन भरलं. ज्या दुखण्याने वजन भरत नव्हतं ते दुखणं गेलं म्हणूनच भरलं ना? मग आता जाऊन काय दाखवायचं, वजन?

तू विचारलंस म्हणून बघितलं. खेळून आली की ओठ थोडे जांभळट दिसतात. ऊन किती आहे इथे. पळते ना. थोडं पळते, मग उकिडवी बसते, दम घेऊन पुन्हा पळते. आळीतल्या पोरांनी तो एक खेळच करून टाकला आहे, ती बसली की सगळी बसतात. पोर शहाणी आहे, दम राखून खेळते. नखांचं म्हणशील तर तिच्या आईने नेलपालिश लावून ठेवली आहे, लाल.

मला शुद्ध लिहायची सवय आहे, पण आता मायच्या शब्दांत लिहितो. तिला मी तुझं पत्र वाचून दाखवलं नाही, नुसतं सांगितलं की तू इकोसाठी बोलावतेस. ती म्हणाली, "भरल्या घरात काहून भेव घालून राह्यली ते पोर्नी? तिच्या डोयाले बिमारीच दिसते सदा."

मला तिचं पटलं.

बाबा

०

नागपूर
५ जून २०२४

ती. बाबा,
जयभीम.

तुमचं पत्र वाचून मी रागावणार होते. मग ते उकिडवं बसण्याचं वाचलं आणि राग राहिला नाही. आता मी जे लिहिते ते एकटे बसून वाचा. मायला दाखवू नका.

आपल्या मळ्यात दोन हौद आहेत, विहिरीजवळचा आणि त्याला लागून खालचा. मधल्या भिंतीला भोक आहे. मोटर लावली की वरच्या हौदातलं पाणी त्या भोकातून खाली धो-धो पडायचं. मी आणि संघपाल भिंतीला कान लावून ऐकायचो, तुम्ही ओरडायचात. आणि दोन्ही हौद सारखे भरले की आवाज बंद. तेव्हा भोक बुजलेलं नसायचं, बाबा. भोक तिथेच असायचं. फक्त दोन्हीकडचं पाणी सारखं झालेलं असायचं.

हृदयाचं तसंच आहे. डावी बाजू जोरकस, उजवी नरम. पडद्याला भोक असलं की डावीकडचं रक्त जोराने उजवीकडे घुसतं, ती तुमच्या हाताला लागणारी गिरणी. ते जास्तीचं रक्त फुप्फुसात जातं. फुप्फुस भिजल्यासारखं राहतं, म्हणून डबा होतो. लेकराला दूध पिणंही कष्टाचं होतं, म्हणून घाम येतो. तो घाम कष्टाळूपणाचा नव्हता. मायला हे सांगू नका.

आता पुढचं. तो लोंढा वर्षानुवर्षं सोसून फुप्फुसातल्या नसा जाड होतात, कडक होतात. उजवीकडचा दाब वाढत जातो. एक दिवस दोन्हीकडे सारखा होतो. मग गिरणी थांबते. फुप्फुसात जास्तीचं रक्त जात नाही, म्हणून डबा थांबतो, घाम थांबतो, वजन भरतं. लेकरू बरं झालं असं घरच्यांना वाटतं, आणि दुखणं पुढे गेलेलं असतं. त्यानंतर अशुद्ध रक्त उलट्या बाजूने यायला लागतं, मग ओठ जांभळे होतात. पळताना मधेच बसावं लागतं. तो खेळ नसतो.

असंच झालं आहे असं मी म्हणत नाही. बबलूसारखं बुजलंही असेल. पण बबलूचं भोक बारीक होतं, आणि ते बुजलं हे डॉक्टरांनी इकोवर पाहून सांगितलं, कोणी हात लावून सांगितलं नाही. दोन्ही वेळी गिरणी बंदच होते. हाताला दोन्ही सारखंच लागतं. वाशीमचे डॉक्टर म्हणाले आवाज नाही, ते खरंच बोलले. भोक नाही असं ते म्हणाले नाहीत. इकोवर भोक दिसतं, रक्त कुठून कुठे जातं ते रंगात दिसतं, दाब किती ते मोजता येतं.

आणि घाई एवढ्यासाठी की दाब एका हद्दीपलीकडे गेला की ते भोक बुजवता येत नाही. तेव्हा बुजवलं तर हृदयाला तो दाब झेपत नाही. जे ऑपरेशन मैत्रीला आयुष्य देईल तेच मग करता येणार नाही. ती हद्द पुढे आहे की मागे गेली, एवढंच मला बघायचं आहे.

तुम्ही थकला आहात, कळतं. मीही थकले आहे, लोकांना हे सांगून सांगून. घरात सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं.

पौर्णिमा

०

रिठद
१४ जून २०२४

चि. पौर्णिमा,
जयभीम.

पत्र मिळालं. मळ्यात जाऊन आलो. मोटर लावली, दोन्ही हौद भरू दिले आणि भिंतीला हात लावून उभा राहिलो. संघपालला वाटलं म्हाताऱ्याला चक्कर आली.

संध्याकाळी पोरांचा खेळ बघत बसलो. सगळी पोरं बसतात खरी, पण उठायची वेळ झाली की ती उठतात आणि ही बसून राहते. ते मी आधी बघितलंच नव्हतं. ती बसायची तेवढंच बघत होतो.

तारीख घे. पेरणीनंतरची घे असं लिहिणार होतो, पण नको. पेरणी संघपाल पाहील. सपनाला सांगितलं आहे की वजन भरलं म्हणून डॉक्टरांनी बोलावलं. खोटं नाही ते.

बाबा

०

नागपूर
१९ जून २०२४

ती. बाबा,
जयभीम.

शुक्रवार, २८ जून. वाशीमहून सकाळची नागपूर गाडी धरा, कारंजावरून येते ती. कारंजाला चहापाण्याला थांबेल तेव्हा मैत्रीला दूध पाजा. गाडीत तिला झोपू देऊ नका, इकोच्या वेळी झोपलेली बरी, रडली तर नीट दिसत नाही. अकोल्याचा रिपोर्ट आणा. मी स्टँडवर उभी असेन. नाव पुकारायचं काही नाही, मीच तुम्हाला आत घेऊन जाईन.

पौर्णिमा

०

नागपूर
१ जुलै २०२४

ती. बाबा,
जयभीम.

शुक्रवारी तुम्हाला गाडीत बसवून परत आले आणि तेव्हापासून हे पत्र लिहायचं टाळते आहे. सोमवारची सगळी माणसं तपासून झाली. आता कारण उरलं नाही.

इकोच्या खोलीत तुम्ही माझ्या मागे उभे होता. मैत्री सपनाच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. पडद्यावर लाल-निळं हलत होतं, तुम्ही ते टक लावून बघत होता, आणि एकदम मोठ्याने विचारलंत, "बंद आहे ना?" तुम्हाला तुमचा आवाज कळत नाही. बाहेरच्या बाकांवरची माणसं आत डोकावली. मी मान हलवली.

ती हो नव्हती, बाबा.

तुम्हाला हळू आवाजात काही सांगता येत नाही. सांगायचं तर ओरडावं लागतं. "भोक तसंच आहे" असं मी त्या खोलीत कसं ओरडू? सपना समोर, मैत्री झोपलेली, दारात दुसरी लेकरं घेऊन आया उभ्या. मी नुसती मान हलवली, ती कशी हलली ते मलाही कळलं नाही. तुम्ही ती हो म्हणून घेतलीत. माझ्या डोक्यावर हात ठेवलात. स्टँडवर सगळ्यांना भजी घेतलीत, कंडक्टरलासुद्धा. मी भजी खाल्ली. डॉक्टर म्हणाले होते की घरचीच माणसं आहेत, तुम्हीच समजावून सांगा. मी म्हटलं, सांगते.

आता सांगते. भोक होतं तेवढंच आहे. दोन्हीकडचा दाब जवळजवळ सारखा झाला आहे. बराच वेळ रक्त इकडेही जात नाही, तिकडेही नाही. ती झोपेत कण्हली तेव्हा थोडं उलटं, उजवीकडून डावीकडे येताना दिसलं. तुम्ही निळ्या रंगाकडे बोट दाखवलंत ना, तेच.

आज ऑपरेशन करता येत नाही. पण डॉक्टरांनी दार लावून घेतलेलं नाही. मी सपनाजवळ ज्या गोळ्या दिल्या, त्या ताकदीच्या नाहीत, फुप्फुसाचा दाब उतरवायच्या आहेत. एकही चुकवू नका. काही महिने देऊन बघायचं. दाब उतरला तर डावीकडचं रक्त पुन्हा उजवीकडे जायला लागेल, म्हणजे गिरणी पुन्हा सुरू होईल. घामही येईल. कदाचित पुन्हा सर्दी-खोकला मागे लागेल. तेव्हा घाबरू नका, लगेच कळवा. तेव्हाच पुढची तपासणी करून भोक बुजवायचा विचार करता येईल. दाब उतरला नाही तर नाही.

सपनाला मी काही सांगितलं नाही. आधी तुम्हाला कळायला हवं होतं. मायला कसं सांगायचं ते तुम्ही ठरवा.

पौर्णिमा

०

रिठद
१० जुलै २०२४

चि. पौर्णिमा,
जयभीम.

आयुष्यभर पोरांच्या माना बघूनच शिकवलं. कान गेले त्यानंतर तर फक्त माना. गणित कळलं की नाही, गृहपाठ केला की नाही, सगळं मानेवरून. आणि माझ्याच पोरीची मान मला वाचता आली नाही. मला जे वाचायचं होतं ते मी वाचलं. तुझा त्यात दोष नाही, भजी खाल्लीस त्याचाही नाही.

घरी मीच सांगितलं. मला वाटलं मी हळू सांगतो आहे. सांगून झालं तेव्हा मदनसिंगने गिरणी थांबवलेली होती आणि तो दारात उभा होता. म्हणजे आळीत सगळ्यांना एकदमच कळलं. बरं झालं, पुन्हा पुन्हा सांगायचं वाचलं.

 नंतर सपनाने पाटीवर लिहून दाखवलं, माझ्यासाठी पाटी ठेवली आहे ना घरात: "मैत्रीच्या आत्याचे डोळे तिथंच लाल होते. मले समजलं होतं. तुमी भजी घेऊन राह्यले होते म्हणून बोलली नाही." बघ. तीन मोठी माणसं एका गाडीच्या स्टँडवर उभी राहून भजी खातात, दोघींना ठाऊक असतं, आणि ज्याला ठाऊक नसतं तो पैसे देतो.

तुझी माय भाकर थापत होती. थापता थापता थांबली. मला विचारलं. मी ओठांवरून ओळखलं, दुसऱ्यांदा विचारायला लावलं नाही. "म्हनजे तो घाम बिमारीचा होता?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मी तं कौतिक करून राह्यलीती." भाकर तव्यावर जळली. तिने जळलेली भाकर स्वतः खाल्ली. तेव्हापासून ती तुझ्याबद्दल काही बोलत नाही, वाईटही नाही.

गोळ्या सपना देते. मैत्रीला पळायला मनाई केली नाही, फक्त आळीतल्या पोरांना सांगितलं की ती उठेल तेव्हा उठायचं. ऐकतात बिचारी.

बाबा

०

नागपूर
२४ ऑक्टोबर २०२४

ती. बाबा,
जयभीम.

मागच्या आठवड्यात संघपाल मैत्रीला घेऊन आला, तेव्हाचा इको डॉक्टरांनी पुन्हा नीट बघितला. काही वेगळं निघालं तर सविस्तर लिहायचं ठरवलं होतं, पण वेगळं काही नाही. फरक म्हणावा असा फरक नाही. दाब थोडा उतरला असेल, मोजण्यातलीही तफावत असू शकते. गोळ्या चालू ठेवायच्या, थंडी संपली की पुन्हा बघू, असं डॉक्टर म्हणतात.

काल कारंजाकडची एक बाई लेकरू घेऊन आली. म्हणाली, "पह्यले लय बिमार राहे, आता चांगला हाय, सासरे म्हनते इको कायले पाह्यजे."  जेल लावली आणि बघितलं. त्याचं बुजलेलं निघालं, बाबा. खरंच बुजलेलं. मी तिला सांगितलं, तर ती म्हणाली, "मी म्हनतच होती." मी बाहेर जाऊन तोंड धुऊन आले. मला आनंद झाला आणि तिचा रागही आला. असं कोणाबद्दल वाटू नये.

मायला सांगा मी दिवाळीच्या सुट्टीत येईन. नक्की नाही सांगत, प्रयत्न करीन.

पौर्णिमा

०

रिठद
६ जानेवारी २०२५

पोर्नी,
जयभीम.

आज शुद्ध लिहित नाही. शुद्ध लिहायले बसलो तं दोन कागद फाडले. जसं येते तसं लिहून राह्यलो.

रोज रात्री हात ठेवतो. तुले कधी लिवलं नाही, कारण लिवायसारखं नव्हतं. शांत. आदी जे घरघर लागली की माह्या जिवाले घोर लागे, तेच आता मी अंधारात हात ठेवून मागत राहतो. तुही माय बाजेवर उठून बसते, मले खुणेनं विचारते, मी मान हालवतो. माही मान तिले वाचता येते.

काल थंडी लय होती. चुलीम्होरं सपना मैत्रीले दूध-भाकर चारून राह्यलीती. तुह्या मायनं पदरानं तिचं तोंड पुसलं. मंग कपाळ पुसलं. मंग पदराकडे पाह्यत बसली. मी म्हनलं काय झालं, तं तिनं पदर माह्या हातात देला. ओला होता. पोट्टी चुलीपाशी बसली होती, हे मलेयी दिसते.  तुही माय मांगं घामाचं बोलून बसली होती, आता तोंड उघडत नाही.

मंग रात्री हात ठेवला.

लागलं मले काहीतरी. बारीक. आलं, गेलं, मंग पुन्हा आलं. आपल्या भिंतीले मदनसिंगची गिरनी लागून हाय, बाज भिंतीले टेकून असते, तिचीच धडधड बाजेतून हातात येत असन, असं वाटलं. म्हनून उठलो, बाहेर गेलो आन गिरनीच्या भिंतीले हात लावला. बंद होती. गावात लाईटच नव्हती. परत येऊन हात ठेवला. तुह्या मायचा हात घेतला आन ठेवला. ते म्हने मले समजत नाही, माह्या हाताले घट्टे पडले. सपनाचा ठेवला. सपना रडाले लागली, पन ते कशानंयी रडते आजकाल, तिच्यावरून मी काही धरत नाही.

माह्या हातावर माहा आता भरोसा नाही. ह्याच हातानं मी गावाले खीर वाटली. मन मांगते तेच हाताले लागते, हे मले समजून चुकलं. म्हनून थंडी सरायची वाट पाहात नाही. संघपालले मी विचारत नाही, त्याले सांगतलं हाय. हे पत्र पोस्टात टाकून आमी परवाच्या गाडीनं निंगतो, पत्राच्या आदीच पोचू कदाचित. बाकावर बसा लागलं तं बसीन. नाव पुकारलं आन ऐकू नाही आलं तं दुसऱ्यांदा पुकारतीन.

एकच सांगतो. तू मशीन लावशीन, मी तुह्या मांगं उभा राहीन, आन मी विचारीन. मले धीर निंगत नाही, मी विचारीनच. तवा मान नोको हालवू. होय असो का नाही असो, तोंडानं सांग. मले ऐकू यीन एवढ्या जोरानं सांग, बाई. बाह्यरच्या बाकावरच्या लोकाइले ऐकू गेलं तं जाऊ दे.

तुहा
बाबा